प्रभुभोजनाची चिठ्ठी

४ मार्च

प्रिय टिटवी,

सप्रेम सलाम.

नाताळचं कार्ड सोडलं तर माझ्या हातचं काही तुझ्याकडे येऊन बरीच वर्षं झाली. आज राहवत नाही म्हणून लिहितो. या गोष्टी ज्याच्याशी बोलाव्यात असं माणूस इथे उरलेलं नाही. फोन माझ्या उपयोगाचा नाही. डावा कान केव्हाच गेला, उजवा निघायच्या तयारीत आहे.

आपल्या चर्चच्या मंडळीत नवे पाळक आले आहेत. वय बत्तीस. हसतमुख आहेत, आणि त्यांच्याविषयी चांगलं सांगण्यासारखं माझ्याजवळ एवढंच आहे. आल्या आल्या त्यांनी प्रवचनाचं पुलपीट हलवलं. ते आता मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्या आणि गळक्या बादल्यांच्या संगतीत उभं आहे. त्याच्या जागी ड्रम. उपासनेतले शब्द मला ऐकू येत नाहीत, पण ड्रम बाकाच्या लाकडातून थेट पाठीत शिरतो. समोर पडदा लावलाय. त्यावर गीताच्या ओळी येतात आणि जातात. एकच कडवं सात वेळा. एका रविवारी मी मोजलं, अकरा झालं. देवाला पहिल्या खेपेला ऐकू गेलं नसावं, माझ्यासारखंच.

हे मी गिळलं. पण मग त्यांनी उपासनेतून सगळ्यांनी मिळून म्हणायचा पापांगीकार काढून टाकला. म्हणाले, "नवीन लोकांना उदास वाटतं." मी विचारलं, डॉक्टर 'कुठे दुखतं' विचारतो तेव्हाही उदास वाटतं, मग त्याने विचारणं सोडायचं का? त्यावर ते हसले. पाप हा शब्द आता प्रवचनात येत नाही, त्याऐवजी 'ताण' येतो. ताणासाठी कुणी क्रुसावर चढत नाही, टिटवी.

आणि आता वर्मावरचा घाव. प्रभुभोजनाच्या चिठ्ठ्या बंद. भोजनाच्या आदल्या आठवड्यात मंडळीने नेमलेल्या एका वडीलधाऱ्या माणसाने घरोघर जायचं, प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: "मनात कुणाविषयी काही धरून ठेवलंय का?" नसेल त्याला चिठ्ठी द्यायची. असेल त्याला सांगायचं, आधी मिटव. रविवारी ज्याच्याजवळ चिठ्ठी, त्यानेच भाकरीला आणि प्याल्याला हात लावायचा. एकतीस वर्षं मी हे काम केलं. दिवसभर पुस्तकं शिवायची, संध्याकाळी बोटांची खळ धुऊन सायकल काढायची. त्या एका प्रश्नाने सख्खे भाऊ बोलते झालेले मी पाहिलेत. आता म्हणे कुणीही यावं, कुणी काही विचारणार नाही. न विचारण्याला हे लोक प्रेम म्हणतात. रस्त्यावरचा अनोळखी माणूसही मला काही विचारत नाही, म्हणून त्याचं माझ्यावर प्रेम आहे का?

चिठ्ठ्या पुन्हा सुरू कराव्यात म्हणून मी मंडळीच्या पंचांकडे अर्ज करतो आहे. अकरा सह्या झाल्या, त्यांतल्या चौघांना माझ्याहून कमी ऐकू येतं. तुझं नाव अजून आपल्या पटावर आहे. जुन्या सभासदांत तुझी सही हवी. अर्ज सोबत जोडला आहे. चिठ्ठीचं मोल तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

तुझा,
दादा

*

२९ मार्च

प्रिय दादा,

सलाम. पत्र मिळालं. अक्षर वाकडं येतंय, चालवून घे.

अर्ज परत पाठवते आहे, सही न करता. "तुझ्याइतकं कुणाला ठाऊक" हे लिहिताना तुझा पेन जरा तरी अडखळला का? नसेल. तू लिहायला लागलास की गाडी उताराला लागते, मग रस्त्यात कोण उभं आहे ते दिसत नाही.

तर मी आठवण करून देते. एकोणीस वर्षांपूर्वी तू माझ्या भाड्याच्या खोलीशी सायकल लावलीस. नवऱ्याचं घर सोडून मला दोन महिने झाले होते, त्याने मोडलेलं मनगट नुकतंच सांधलं होतं. तू प्रश्न विचारलास. मी खरं सांगितलं. हो, नवऱ्याविषयी आहे, आणि एवढ्यात जाणार नाही. तू चिठ्ठ्यांचं पुडकं खिशात घातलंस आणि उठलास. रविवारी मी तरीही येऊन बसले. थाळी घेऊन तूच आलास, आणि माझ्यापुढून ती तशीच पुढे नेलीस. सगळी मंडळी बघत होती. महिन्याभरात मी ते शहर सोडलं.

इथलं आमचं चर्च एका जुन्या गोदामात भरतं. ड्रम आमच्याकडेही आहे, वर धूर सोडायचं यंत्र आहे. पहिल्यांदा धूर आला तेव्हा मी पाण्याची बादली शोधायला उठले होते. मलाही हे सगळं आवडत नाही, दादा. एखादी ओळ मनापासून म्हणावी तोवर ती पडद्यावरून गेलेली असते. पापांगीकार मला अजून पाठ आहे. हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत चादरी शिवताना, घड्या घालताना मी तो एकटीच म्हणायचे. पण इथे दारात मला कुणी अडवलं नाही. थकलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

आमचे पाळक गिटार वाजवतात, म्हणून मी त्यांना गिटारवाला म्हणते. गेल्या रविवारी ते माझ्या घरी प्रभुभोजन घेऊन आले. खिशातून प्लास्टिकचा बंद कप काढला, एवढासा. वर चंदेरी झाकण, त्याखाली भाकरीचा पापुद्रा, तळाला द्राक्षरस. मला ते झाकण काही उघडेना. शेवटी त्यांनी दाताने उघडून दिलं. आम्ही दोघं हसलो, मग मी रडले.

एक मात्र तुझं खरं. इतक्या वर्षांत इथे मला कुणी तो प्रश्न विचारला नाही. यांना वाटतं, विचारलं की माणूस दुखावतो. विचारला असता तर माझ्याकडे उत्तर होतं. नवऱ्याविषयी नव्हे, तो मेला तेव्हा ते संपलं. दुसऱ्या एकाविषयी.

आभाळ पडलं तर धरता यावं म्हणून टिटवी पाय वर करून झोपते म्हणतात. लहानपणी ते नाव तू मला ठेवलंस. चुकीच्या माणसाला ठेवलंस.

तुझी,
टिटवी

*

१० एप्रिल

प्रिय टिटवी,

सलाम.

दाताने. ते वाक्य मी तीनदा वाचलं.

प्रभुभोजनाच्या ज्या मेजासाठी आपली आई पांढरं कापड वेगळ्या पाण्यात धुवायची आणि वाळेपर्यंत त्याच्या राखणीला बसायची, ते मेज आता गिटारवाल्याच्या खिशात मावतं. जे माणसाच्या खिशात मावतं ते माणसाचंच होऊन राहतं. एक भाकरी मोडून सगळ्यांनी घ्यायची, कारण आपण सगळे एक. इथे ज्याचं त्याला सीलबंद पाकीट. शेजाऱ्याचा हात लागायला नको, त्याच्याकडे बघायलाही नको. हे भोजन आहे की औषधाचा डोस? आणि वर घरपोच, भाजीसारखं. तुझं घर ते गोदाम अंतर तरी किती असेल? तेवढंही चालवत नाही का? देवाने आपल्याकडे यायचं, आपण मात्र गादीवरून हलायचं नाही, हेच तर या नव्या लोकांनी शिकवलं. तूही शिकलीस याचं वाईट वाटलं.

झाकण उघडेना म्हणतेस. शिवणाऱ्यांची बोटं आखडतातच. माझीही आखडतात. रोज कोमट तेल लाव.

राहिली त्या दिवसाची गोष्ट. नियम मी केला नव्हता. तू 'नाही' म्हणाली असतीस तर मी चिठ्ठी दिली असती. तू 'हो' म्हणालीस. माझ्या हातात काय उरलं? सख्ख्या बहिणीला सूट दिली असती तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या दारात कोणत्या तोंडाने उभा राहिलो असतो? मला तेव्हा सोपं गेलं असं समजू नकोस.

'दुसऱ्या एकाविषयी' म्हणजे माझ्याविषयी, हे न कळण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही. त्यावर सवडीने बोलू. आधी अर्ज. पंचांची सभा जुलैच्या अखेरीस आहे. कागद पुन्हा पाठवतो. सही कर, रुसवा मग काढ.

तुझा,
दादा

*

२ जून

मामांना सलाम.

आई आता लिहू शकत नाही, म्हणून मी लिहिते आहे. तिला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाली असती. "तो अपराधी वाटून धावत येईल, आणि तसा तो मला नकोय," असं ती एकदा म्हणाली होती.

तुमचं एप्रिलचं पत्र मीच तिला वाचून दाखवलं. कोमट तेलापाशी माझ्याने पुढे वाचवेना. ती म्हणाली, "वाच गं, त्याचा आवाज ऐकू येतोय."

मामा, एकतीस वर्षं तुम्हीही प्रभुभोजन लोकांच्या घरी घेऊन जात होतात. मी लहान असताना दोनदा तुमच्या सायकलच्या मागे बसून आले आहे. आठवून सांगा, कुणाच्या घरी जायचात? जे अंथरुणातून उठू शकत नाहीत त्यांच्या. दुसऱ्या कुणाच्या घरी गेलेलं मला आठवत नाही. आईने लिहिलं, पाळक भोजन घेऊन घरी आले. लिहिलं, अक्षर वाकडं येतंय. लिहिलं, झाकण उघडेना. याहून उघड तिला लिहायचं नव्हतं. तिला वाटलं, दुसऱ्या कुणाला नाही तरी तुम्हाला कळेल. तुम्ही त्यातलं फक्त प्लास्टिक वाचलंत.

दुखणं मज्जातंतूंचं आहे. हातांपासून सुरू झालं, मग पाय, आता गिळणं. डॉक्टर महिन्यांचं बोलत नाहीत, आठवड्यांचं बोलतात.

त्या रविवारी मी नऊ वर्षांची होते आणि तिच्या शेजारी बसले होते. थाळी पुढे गेल्यावर तिने माझा हात धरला तो उपासना संपेपर्यंत सोडला नाही. तिचं काय चुकलं होतं, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

तुमची,
भाची

*

६ जून, मंगळवार

टिटवी,

तुझ्या लेकीने लिहिलं ते बरं केलं. मी काय वाचलं आणि काय वाचलं नाही, ते तिने मला दाखवलं. गादीवरून हलत नाहीस, असं मी तुला लिहिलं. ते माझ्या हाताने लिहिलेलं आहे, आता त्याचं काय करू ते कळत नाही.

तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगायची आहे. त्या संध्याकाळी तुझ्या खोलीवरून निघालो तो तुझ्या नवऱ्याकडे गेलो. त्यालाही तोच प्रश्न विचारला. तो हसत म्हणाला, "माझ्या मनात कुणाविषयी काही नाही, दादा." तुझं मनगट प्लास्टरमध्ये असलेलं मी पाहिलं होतं. तो खोटं बोलतोय, हे मला समोर दिसत होतं. पण उत्तर बरोबर होतं. मी त्याला चिठ्ठी दिली.

रविवारी तो तुझ्या चार बाक मागे बसला होता. तुझ्यापुढून नेलेली थाळी मी त्याच्यापुढे धरली. खरं बोलली तिला उपाशी ठेवलं आणि खोटं बोलला त्याला वाढलं. पुढे तो गेला तेव्हा अंत्यविधीला बायबलचं वाचनही मीच केलं. एकोणीस वर्षं मी चिठ्ठीच्या बाजूने बोलतो आहे, आणि दर वर्षी आवाज चढवतो आहे. आवाज चढला की ही गोष्ट खाली दबते.

मी येतो आहे. पण रविवारी आधी मंडळीपुढे उभा राहणार. उघड्यावर केलेला अन्याय उघड्यावर कबूल करायचा, ही आपली रीत. सगळ्यांदेखत तुला डावललं, सगळ्यांदेखत ते सांगेन आणि मग तुझ्याकडे येईन. नुसतं खोलीत बसून माफी मागणं तुझ्या अपमानाला शोभणार नाही. सोमवारी सकाळच्या गाडीने निघतो, संध्याकाळपर्यंत पोहोचेन. तोवर दम धर. लहानपणी मी उशिरा आलो तरी तू जेवायची थांबायचीस.

दादा

*

२५ जून

मामांना सलाम.

अंत्यविधीला आपण बोललो नाही. लोक होते, आणि मला बोलायचं नव्हतं.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. मी आईला वाचून दाखवलं. बाबांचा भाग मी मोठ्याने वाचत होते आणि मलाही तो तेव्हाच कळत होता. ती डोळे मिटून ऐकत होती. तिचं बोलणं तेव्हा फक्त मला समजायचं. ती म्हणाली, "त्याला सांग, आधी इकडे ये. मंडळी काय पळून जाते?"

शनिवारी मी तुम्हाला चार वेळा फोन केला. तुम्हाला ऐकू येत नाही हे माहीत असूनही केला. वाजत राहिला.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला ती गेली. त्या वेळी तुम्ही काय करत होतात, ते मला लिहून कळवा.

भाची

*

३ जुलै

बाळ,

अकरा वाजता मी बोलत होतो.

पापांगीकार असता तर मी त्या जागी उभा राहिलो असतो. उपासनेत ती जागाच उरलेली नाही, म्हणून सूचना संपल्यावर उठलो आणि पुढे गेलो. पाळकांना आधी सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, म्हातारा आता अर्जावर भाषण ठोकणार. चार महिने मी त्यांना तेच वाटायला लावलं होतं. त्यांनी वादकांना खूण केली.

मला काही ऐकू आलं नाही. मी बोलत होतो. तुझ्या आईचं नाव घेतलं, मनगटाचं सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं, तुझ्या वडिलांना दिलेल्या चिठ्ठीचंही सांगितलं. पायाखालच्या फळ्या हलायला लागल्या तेव्हा वाटलं, माझेच पाय थरथरताहेत. मग वर पाहिलं तर सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. क्षणभर, देव मला क्षमा करो, मला वाटलं ते माझ्या कबुलीसाठी उठले. मागे वळलो. पडद्यावर गीत होतं.

अंत्यविधीहून परतल्यावर मी पाळकांना सगळं सांगितलं. ते रडले. म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही." मी म्हणालो, तुम्ही विचारलं नाहीत. हे मी त्यांना टोचायला म्हणालो. ज्याने प्रश्न मोडीत काढला आणि ज्याने उत्तर ऐकून घेतलं नाही, असे आम्ही दोघे त्या रिकाम्या चर्चमध्ये बसून होतो. कोणी कोणाला उपदेश करायचा?

अर्ज मी मागे घेतलेला नाही. तुला लपवून सांगणार नाही, मी अजून म्हणेन की माणसाच्या दारात जाऊन त्याला विचारलंच पाहिजे. कुणीच विचारत नाही तिथे माणूस गर्दीत एकटा मरतो. पण मी विचारायचो ते चिठ्ठी द्यायची की नाही हे ठरवायला. तुझी आई 'हो' म्हणाली तेव्हा माझं काम सुरू व्हायला हवं होतं. मला वाटलं, संपलं. तिच्याजवळ बसून पुढचं विचारायला मला किती वेळ लागला असता?

देवापुढचं अर्पण तिथेच ठेव आणि ज्याला दुखावलंस त्या माणसाकडे आधी जा, या वचनावर मी वीस तरी प्रवचनं केली असतील. लोक रडायचे. गाडी बुधवारी होती, गुरुवारी होती, रोजच होती. माझी पिशवी मंगळवारीच भरून झाली होती.

तुला भेटायला येऊ का?

मामा

*

१९ जुलै

मामांना सलाम.

चर्चमध्ये तुम्ही जे बोललात ते कुणी ऐकलं नाही. मी वाचलं. दोनदा वाचलं. माझी आई चुकली नव्हती, हे एकदा कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं.

तिने तुम्हाला माफ केलं होतं का, ते तुम्ही विचारलेलं नाही. विचाराल म्हणून आधीच सांगते, मला माहीत नाही. "इकडे ये" म्हणाली. त्यापुढे काही म्हणाली नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी त्यात माझ्या पदरचं काही घालणार नाही. ती तुमच्यासाठी थांबली होती, एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. शनिवारी तिने दोनदा तोंड दाराकडे वळवून घेतलं.

तुम्ही येऊ का विचारलंत. सध्या नको.

शुक्रवारी तुमचं पत्र वाचल्यावर मला वाटलं, तुम्ही पत्रापाठोपाठच याल. तिच्या खाटेशेजारी बसायला नीटशी खुर्ची नव्हती, म्हणून शेजाऱ्यांकडून एक मागून आणली. तिने ती डाव्या अंगाला ठेवायला सांगितली, म्हणजे तुमचा उजवा कान तिच्याकडे राहील. ती खुर्ची अजून तिथेच आहे. शेजारी मागत नाहीत आणि माझ्याने ती उचलवत नाही.

ती परत करून आले की तुम्हाला लिहीन.

भाची